मेटा-अ‍ॅनालिसिसचा दर्जा ओळखायचा तर समाविष्ट अभ्यासांचा तक्ता उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएच.डी.साठी ‘ग्रोथ माइंडसेट’वरच्या (बुद्धी प्रयत्नाने वाढवता येते या धारणेवरच्या) संशोधनाचा आढावा घेताना तुम्हाला दोन मेटा-अ‍ॅनालिसिस सापडली. म्हणजे अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून सरासरी परिणाम काढणारे आढावे. दोन्ही २०२३ची, दोन्ही ‘सायकॉलॉजिकल बुलेटिन’ या नियतकालिकातली. एक म्हणतं ही धारणा रुजवणाऱ्या कार्यक्रमांचा परिणाम जवळजवळ शून्य, दुसरं म्हणतं काही मुलांना नक्की फायदा होतो. मार्गदर्शकांनी सुचवलं की अ‍ॅमस्टार-२ ही आढाव्यांचा दर्जा तपासायची यादी लावा आणि ज्याला जास्त गुण पडतील ते स्वीकारा. हे योग्य आहे का, आणि शिक्षण संशोधनातल्या मेटा-अ‍ॅनालिसिसची पद्धत चांगली की वाईट हे ठरवायचं कसं?

आधी थेट उत्तर देतो. गुणांची बेरीज करू नका. अ‍ॅमस्टार-२ ही २०१७ मध्ये आलेली १६ प्रश्नांची यादी आरोग्यसेवेतल्या उपायांच्या आढाव्यांसाठी बनवलेली आहे, आणि तिच्यातून एकूण गुण काढू नयेत असं ती बनवणाऱ्यांनीच स्पष्ट लिहिलं आहे. १६ पैकी ७ प्रश्न त्यांनी कळीचे मानले: आराखडा आधी नोंदवला होता का, शोध पुरेसा होता का, वगळलेल्या अभ्यासांची कारणं दिली का, प्रत्येक अभ्यासातला पक्षपाताचा धोका (रचनेतल्या दोषांमुळे निकाल एका बाजूला झुकण्याचा) तपासला का, आकडे एकत्र करायची पद्धत योग्य होती का, निष्कर्ष काढताना तो धोका लक्षात घेतला का, आणि प्रकाशन-पक्षपात (अनुकूल निकालच जास्त छापले जाणं) पाहिला का. यातल्या एकाच प्रश्नावर अपयश आलं तरी बाकी पंधरा ‘हो’ त्याची भरपाई करत नाहीत. प्रिझ्मा ही आढाव्यांसाठीची दुसरी प्रचलित यादी तर गुणवत्तेची नाहीच, ती लेखनाची आहे. काय केलं ते नीट सांगितलं का, एवढंच ती पाहते. केलं ते बरोबर होतं का, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

शिक्षणात तर यादी लावल्यावर खरं काम सुरू होतं. गेली बरीच वर्षं मी असे आढावे करतो आणि तपासतो, आणि माझं ठाम मत असं झालं आहे की सरासरीचा आकडा बहुतेक वेळा संख्याशास्त्राच्या पायरीपर्यंत पोहोचायच्या आधीच ठरलेला असतो. कोणते अभ्यास आत घेतले, त्यांतली चाचणी कोणी काढली, मुलांची तुलना कोणाशी झाली, प्रयोग किती दिवस चालला, यावर तो ठरतो. म्हणून मी पेपर हातात आला की सारांश वाचून थेट समाविष्ट अभ्यासांच्या तक्त्याकडे जातो. त्यातले सगळ्यांत मोठे परिणाम दाखवणारे तीन आणि सहज उचललेले दोन असे पाच मूळ पेपर काढतो आणि तक्त्यातल्या नोंदीशी ताडून पाहतो. यात एक-दोन दिवस जातात, पण या पाच पेपरांतून जे कळतं ते कुठल्याच यादीतून कळत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाच्या गोष्टीवर येतो, ती म्हणजे चाचणी कोणाची. अ‍ॅलन च्युंग आणि रॉबर्ट स्लाव्हिन यांनी २०१६ मध्ये ६४५ शैक्षणिक प्रयोगांची छाननी करून पाहिलं की कार्यक्रम बाजूला ठेवला तर अभ्यासाच्या रचनेमुळेच इफेक्ट साइझ (गटांमधला फरक गुणांच्या पसाऱ्याच्या तुलनेत किती मोठा, हे सांगणारा आकडा) किती बदलतो. संशोधकाने स्वतः तयार केलेली चाचणी असेल तर सरासरी परिणाम ०.४०, स्वतंत्र प्रमाणित चाचणी असेल तर ०.२०. छापून आलेल्या अभ्यासांत ०.३०, न छापलेल्यांत ०.१६. लहान नमुन्यांच्या अभ्यासांतले परिणाम मोठ्या अभ्यासांच्या सुमारे दुप्पट. यातली कुठलीही गोष्ट मुलं काय शिकली याबद्दल काही सांगत नाही.

कारण समजायला अवघड नाही. समजा पाचवीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवण्याची एक नवी पद्धत तुम्ही तयार केली. पंधरा दिवस शिकवली आणि त्यावर तुम्हीच २० प्रश्नांची चाचणी काढली. प्रश्नांची भाषा, आकृत्यांची धाटणी, पायऱ्या लिहायची रीत, सगळं तुमच्या पाठांतलं. प्रायोगिक गटातल्या मुलांनी ते पाहिलेलं आहे, नियंत्रित गटाने नाही. फरक मोठा येणारच. त्याच मुलांना वर्षअखेरची सर्वसाधारण गणिताची चाचणी दिली तर फरक कितीतरी कमी दिसेल, कारण तिथे अपूर्णांकांचे प्रश्न मोजकेच आणि तुमच्या धाटणीचे एखाददुसरेच. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. पण एका मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये पहिल्या प्रकारचे ३० अभ्यास असतील आणि दुसऱ्यात दुसऱ्या प्रकारचे, तर त्यांच्या सरासऱ्या शेजारी ठेवून ‘ही पद्धत त्या पद्धतीपेक्षा प्रभावी’ असं म्हणता येत नाही. इंग्लंडमधल्या अ‍ॅड्रियन सिम्पसन यांनी २०१७ मध्ये हाच मुद्दा धोरणांच्या संदर्भात कडकपणे मांडला. तुलनेचा गट, मुलांमधल्या गुणांचा पसारा आणि चाचणीची संवेदनशीलता या तीन गोष्टी वेगळ्या असतील तर इफेक्ट साइझवरून कार्यक्रमांची क्रमवारी लावण्याला आधार उरत नाही.

गुणांच्या पसाऱ्याचा मुद्दा आकड्यांत पाहा. दोन गटांच्या सरासरीत ४ गुणांचा फरक आहे. मुलांच्या गुणांचं प्रमाण विचलन (पसाऱ्याचं माप) १० असेल तर इफेक्ट साइझ ०.४. तोच ४ गुणांचा फरक निवडक हुशार मुलांच्या गटात मिळाला, जिथे प्रमाण विचलन ५ आहे, तर इफेक्ट साइझ ०.८. मुलं तेवढीच शिकली, आकडा दुप्पट झाला. आता कोडिंग करणाऱ्याने, म्हणजे मूळ पेपरांतली माहिती तक्त्यात नोंदवणाऱ्याने, घाईत प्रमाण विचलनाऐवजी प्रमाण त्रुटीचा (सरासरीच्या अनिश्चिततेच्या मापाचा) रकाना उचलला असं समजा. गटात २५ मुलं असतील तर प्रमाण त्रुटी १० भागिले २५चं वर्गमूळ ५, म्हणजे २. इफेक्ट साइझ एकदम २.० होतो. ही चूक मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये वारंवार सापडते आणि ती नेहमी एकाच दिशेने ओढते, फुगवण्याच्या. म्हणून तक्त्यात १.५ किंवा २च्या वरचा इफेक्ट साइझ दिसला की पहिलं काम मूळ पेपर उघडायचं. शाळेतल्या सर्वसाधारण कार्यक्रमाने मुलांची कामगिरी दोन प्रमाण विचलनांनी उंचावणं हे इतकं असाधारण आहे की पुरावा पाहिल्याशिवाय ते मान्य करू नये.

पूर्वचाचणी-उत्तरचाचणीचंही तसंच. नियंत्रित गट नसलेल्या अभ्यासात वर्षभरातली सगळी वाढ कार्यक्रमाच्या खात्यात जाते: नेहमीचं शिकणं, वय, चाचणीची सवय, सगळं. हा आकडा आणि नियंत्रित गटाशी तुलना करून आलेला आकडा यांची सरासरी काढणं चूकच आहे. जॉन हॅटी यांच्या २००९च्या ग्रंथावरचा एक प्रमुख आक्षेप हाच होता. त्यांनी ८०० हून अधिक मेटा-अ‍ॅनालिसिसची सरासरी काढून १३८ घटकांची क्रमवारी लावली आणि ०.४० ही ‘उपयुक्त’ ठरण्याची सीमारेषा सांगितली. जगभरच्या शिक्षक प्रशिक्षणात ती सीमारेषा पोहोचली, आपल्याकडच्याही सादरीकरणांत मी ती पाहिली आहे. तिच्यात दोन्ही प्रकारचे आकडे मिसळलेले आहेत, म्हणून ती वापरू नका, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं आहे. हॅटींनी शिक्षकांना पुराव्याच्या भाषेत बोलायला लावलं, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण ०.४० खालचं सगळं टाकाऊ ठरवलं तर शाळांमधल्या मोठ्या, काटेकोर प्रयोगांतलं बहुतेक सगळंच टाकावं लागेल.

त्या प्रयोगांचे आकडे डोळ्यांसमोर असू द्या. ह्यूग लोर्टी-फोर्ग आणि मॅथ्यू इंग्लिस यांनी २०१९ मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या संस्थांच्या पैशातून झालेले १४१ यादृच्छिक प्रयोग (कोण कोणत्या गटात हे सोडतीसारखं ठरवलेले) एकत्र पाहिले. सरासरी परिणाम ०.०६. मॅथ्यू क्राफ्ट यांनी २०२० मध्ये ७०० हून अधिक यादृच्छिक प्रयोगांवरून सुचवलं की शैक्षणिक कामगिरीच्या बाबतीत ०.०५ पेक्षा कमी म्हणजे लहान, ०.०५ ते ०.२० मध्यम, आणि ०.२० च्या पुढे मोठा परिणाम समजावा. संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांचे लहान, मध्यम आणि मोठ्या परिणामांसाठीचे ०.२, ०.५, ०.८ हे मापदंड एम.एड.च्या पुस्तकांत अजून शिकवले जातात. शाळेतल्या कार्यक्रमांना ते लावले की खरे उपयोगी परिणाम ‘क्षुल्लक’ वाटतात आणि फुगलेले आकडे ‘चांगले’ वाटतात.

पुढचा मुद्दा आपल्याकडच्या संशोधनाला फार जवळचा आहे. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतल्या किती प्रबंधांची रचना अशी असते: एकाच शाळेच्या दोन तुकड्या, ‘अ’ तुकडीला नवी पद्धत, ‘ब’ तुकडीला पारंपरिक, प्रत्येकी ४० मुलं, मग टी-चाचणी. कागदावर नमुना ८० चा. पण एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तीच वस्ती, तोच गोंगाट. वर्गांतर्गत सहसंबंध (हे सारखेपण मोजणारा आकडा) ०.२० धरला, आणि शाळेच्या चाचण्यांत तो एवढा सहज असतो, तर रचनेचा गुणक (नमुना प्रत्यक्षात कितीपट लहान धरायचा तो आकडा) १ अधिक ३९ गुणिले ०.२०, म्हणजे ८.८ येतो. ८० मुलांकडून मिळालेली माहिती सुमारे ९ स्वतंत्र मुलांइतकीच उरते. त्यातही प्रत्येक गटात एकच तुकडी असेल तर पद्धतीचा परिणाम आणि त्या शिक्षकाचा परिणाम वेगळे काढण्याचा कुठलाच मार्ग नाही. मेटा-अ‍ॅनालिसिस करणाऱ्याने ही दुरुस्ती केली नाही तर असा अभ्यास हिशेबात गरजेपेक्षा कितीतरी जास्त वजन घेऊन बसतो. पद्धतीच्या भागात ‘क्लस्टर’ (वर्ग किंवा शाळा असा गट) हा शब्द शोधा. शाळांमधले अभ्यास एकत्र केले आहेत आणि हा शब्दच नाही, तर मोठी शंका घ्या.

एकाच अभ्यासातून अनेक आकडे घेणं ही याचीच दुसरी बाजू. एका पेपरमध्ये वाचन, लेखन, आकलन आणि दृष्टिकोन अशा चार मोजमापांवर, तीन इयत्तांत निकाल दिलेले असतील तर १२ इफेक्ट साइझ मिळतात. त्यांना १२ स्वतंत्र अभ्यास समजलं तर निष्कर्ष खोट्या खात्रीने भरतो. लॅरी हेजेस, एलिझाबेथ टिप्टन आणि मॅथ्यू जॉन्सन यांनी २०१० मध्ये यावर ‘रोबस्ट व्हेरियन्स एस्टिमेशन’ची, म्हणजे एकाच अभ्यासातले आकडे परस्परांशी जोडलेले धरून अनिश्चितता मोजण्याची, पद्धत दिली. नंतर टिप्टन यांनी ती थोड्या अभ्यासांसाठी सुधारली. याच कामासाठी त्रिस्तरीय प्रतिमानंही आहेत. आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं उपलब्ध आहे. त्यामुळे अलीकडच्या पेपरमध्ये सगळे आकडे स्वतंत्र मानलेले दिसले तर त्यासाठी सबब उरत नाही.

आता भिन्नता, म्हणजे अभ्यासाअभ्यासांतल्या परिणामांमधला फरक. माझ्या मते मेटा-अ‍ॅनालिसिसमधला सगळ्यांत उपयोगी भाग हाच आहे आणि सगळ्यांत वाईट लिहिला जातो तोही हाच. अ‍ॅव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी यांचं १९९६चं अभिप्रायावरचं काम घ्या. ६०७ इफेक्ट साइझ, सरासरी ०.४१. प्रशिक्षणांत ‘फीडबॅक प्रभावी आहे’ म्हणून हा आकडा सांगितला जातो. पण त्याच पेपरमध्ये असंही आहे की एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावली. शिक्षकाला यातली दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे, कारण तिच्यामुळे पुढचा प्रश्न विचारता येतो: कोणता अभिप्राय, कशाबद्दल, केव्हा? अभिप्रायाने लक्ष कामावरून उडून स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाकडे वळलं की परिणाम घटतो, ही त्यांची मांडणी त्या पसाऱ्याचा अभ्यास केल्यामुळेच पुढे आली.

भिन्नतेसाठी बहुतेक जण आय-वर्गाचा (I²) टक्का देतात आणि ‘७५ टक्के म्हणजे जास्त’ म्हणून थांबतात. तो टक्का एकूण चढउतारांत खऱ्या भिन्नतेचा वाटा किती ते सांगतो, भिन्नता किती मोठी ते सांगत नाही. अभ्यास फार मोठे असतील तर किरकोळ फरकालाही तो ९० टक्के दाखवतो. तुम्ही प्रेडिक्शन इंटरव्हल मागा, म्हणजे नव्या ठिकाणचा परिणाम ज्या मर्यादांत असू शकतो तो पट्टा. सरासरी ०.३० आणि अभ्यासाअभ्यासांतल्या खऱ्या परिणामांचं प्रमाण विचलन ०.२५ असेल तर पुढच्या नव्या शाळेतला परिणाम ढोबळमानाने उणे ०.१९ ते अधिक ०.७९ यांच्यामध्ये कुठेही असू शकतो. सरासरीभोवतीचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (सरासरी किती नेमकी कळली ते सांगणारा पट्टा) मात्र ०.२४ ते ०.३६ असा नीटनेटका दिसेल. नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या केंद्रप्रमुखाला हा कार्यक्रम आपल्या शाळांत घ्यावा का हे ठरवायचं असेल तर त्याच्या उपयोगाचा इंटरव्हल पहिला आहे, दुसरा नाही.

आता तुमच्या दोन पेपरांकडे येऊ, कारण त्यांच्यातला वाद नेमका याच ठिकाणी आहे. ब्रुक मॅकनमारा आणि अलेक्झांडर बर्गोइन यांनी ६३ अभ्यास घेतले. सरासरी ०.०५, आणि प्रकाशन-पक्षपाताची दुरुस्ती केल्यावर तोही शून्यापासून वेगळा राहिला नाही. त्यांनी प्रत्येक अभ्यासाची रचना निकषांवर तपासली आणि सर्वोत्तम अभ्यासांत परिणाम आणखी घटतो असं दाखवलं. निकाल सकारात्मक आल्यास ज्यांचा आर्थिक लाभ होऊ शकतो अशा लेखकांच्या अभ्यासांत परिणाम मोठे आहेत, हेही त्यांनी नोंदवलं. हितसंबंधांचं असं कोडिंग शिक्षणात फार कमी लोक करतात, आणि या एका कामासाठी तो पेपर वाचायलाच हवा. दुसरीकडे जेनी बर्नेट आणि सहकाऱ्यांनी ‘सरासरी किती’ हा प्रश्न दुय्यम ठेवून कोणासाठी, कोणत्या परिस्थितीत हे पाहिलं. ज्या मुलांना फायदा होण्याची अपेक्षा होती, मुख्यतः मागे पडलेल्या किंवा जोखमीतल्या मुलांना, त्यांच्यात परिणाम जास्त आढळला. टिप्टन आणि सहकाऱ्यांनी मग मॅकनमारांचीच माहिती नव्या पद्धतीने पुन्हा तपासली आणि अशा मुलांमध्ये अर्थपूर्ण परिणाम दिसतो असं मांडलं.

म्हणजे दोन्ही बाजूंच्या सरासऱ्या लहानच आहेत. फरक पडतो तो प्रश्नामुळे आणि भिन्नतेची हाताळणी कशी केली यामुळे. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला अमेरिकेतला मोठा प्रयोग शेजारी ठेवा: ६५ शाळा, नववीतली सुमारे १२ हजार मुलं, ऑनलाइन आणि एका तासाहूनही कमी वेळाचा कार्यक्रम, आणि कमी गुण असलेल्या मुलांच्या श्रेणी-सरासरीत ४ पैकी सुमारे ०.१० ची वाढ. या एका प्रयोगाचं नियोजन, नमुना आणि आधी नोंदवलेलं विश्लेषण इतकं मजबूत आहे की माझ्या दृष्टीने तो त्या ६३ पैकी अनेक लहान अभ्यासांना मिळून भारी पडतो. तुमच्या प्रबंधाच्या प्रकरणात ‘कोणतं मेटा-अ‍ॅनालिसिस बरोबर’ असा निवाडा देऊ नका. दोघांच्या समाविष्ट अभ्यासांच्या याद्या शेजारी लावा. कोणते अभ्यास दोन्हीकडे आहेत, कोणते एकीकडेच, आणि सामाईक अभ्यासांतून दोघांनी उचललेले आकडे जुळतात का, असा तक्ता करा. तो तक्ता हेच तुमच्या प्रकरणाचं स्वतःचं योगदान ठरेल.

कोणते अभ्यास आत घ्यायचे आणि कुठल्या नावाखाली, हा प्रश्न या विद्येच्या जन्मापासूनचा आहे. जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये मेटा-अ‍ॅनालिसिस हा शब्द रूढ केला, आणि १९७९ मध्ये मेरी ली स्मिथ यांच्यासह वर्गातल्या मुलांच्या संख्येवर ७७ अभ्यासांचं काम प्रसिद्ध केलं. लहान वर्गांचा मोठा फायदा दाखवणारी त्यांची वक्ररेषा गाजली. स्लाव्हिन यांनी मूळ अभ्यास उघडून पाहिले तेव्हा त्या रेषेचा मोठा भाग नीट नियंत्रण असलेल्या १४ अभ्यासांवर उभा असल्याचं दिसलं. त्यांपैकी काहींत प्रत्यक्षात एका मुलाला एक शिक्षक अशी शिकवणी होती आणि एक अभ्यास तर टेनिस शिकवण्याचा होता. तिसरीच्या वर्गात ३० मुलं असावीत की २५, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. १९८६ मध्ये स्लाव्हिन यांनी सुचवलेली पद्धत, म्हणजे प्रश्नाला लागू पडणारे आणि किमान दर्जाचे अभ्यासच घ्यायचे आणि प्रत्येकाचं वर्णनही करायचं, मला आजही पटते.

आपल्या मुंबईतलं उदाहरण घ्या. प्रथम संस्थेचा ‘बालसखी’ कार्यक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत यादृच्छिक पद्धतीने तपासला गेला. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांचा तो पेपर २००७ मध्ये आला. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज साधारण दोन तास वेगळं घेऊन बसायची. पहिल्या वर्षी परिणाम ०.१४, दुसऱ्या वर्षी ०.२८, आणि फायदा मुख्यतः तळाच्या मुलांना. आता हा अभ्यास कोणत्या गटात टाकाल? कंत्राटी शिक्षक? पूरक शिकवणी? लहान गट? पातळीनुसार अध्यापन? चारही नावं चालतील, आणि कोडिंग करणारा जे निवडेल त्या गटाची सरासरी वर जाईल. डेव्हिड एव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी २०१६ मध्ये विकसनशील देशांतल्या शिक्षणावरचे सहा आढावे ताडून पाहिले तेव्हा त्यांच्या शिफारशी वेगवेगळ्या असल्याचं आढळलं. कारणं दोन: प्रत्येकाने घेतलेले अभ्यास वेगळे होते आणि गट पाडायची रीत वेगळी होती. एकाच गटातल्या कार्यक्रमांमधला फरक अनेकदा दोन गटांमधल्या फरकापेक्षा मोठा होता. म्हणून कोडिंगची नियमावली जोडलेली आहे का ते पाहा. दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे कोडिंग केलं का, आणि त्यांचं कुठे जुळलं नाही, हेही पाहा.

प्रकाशन-पक्षपाताबद्दल थोडक्यात. ‘फेल-सेफ एन’ (निकाल पुसून टाकायला शून्य परिणामाचे किती न छापलेले अभ्यास लागतील तो आकडा) एवढाच पुरावा दिला असेल तर तो पुरेसा मानू नका. रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ मध्ये तो मांडला, त्यानंतर पद्धती खूप पुढे गेल्या आहेत. फनेल प्लॉट (परिणाम आणि अभ्यासाचा आकार यांचा आलेख) वाकडा दिसला म्हणजे पक्षपात सिद्ध झाला असंही नाही. लहान प्रयोगांत कार्यक्रम अधिक मन लावून राबवला जातो, त्यामुळेही तो वाकडा दिसू शकतो. सिलेक्शन मॉडेल (कोणते निकाल छापले जातात याचा अंदाज हिशेबात धरणारी पद्धत) आणि इतर एक-दोन पद्धती वापरून निकाल किती हलतो हे दाखवणं हा प्रामाणिक मार्ग. टेरी पिगॉट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रबंध आणि त्यांतून छापलेले लेख ताडून पाहिले, तेव्हा संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय न ठरलेले निकाल छापताना गळण्याची शक्यता जास्त असल्याचं दिसलं. तुमच्यासाठी यातला धडा प्रत्यक्ष आहे. भारतातले प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) आहेत, त्यांत मराठी माध्यमाच्या शाळांवरचंही भरपूर काम आहे. फक्त एरिक आणि स्कोपस हे संशोधनलेखांचे माहितीसंग्रह पाहून ‘भारतातल्या अभ्यासांचा आढावा’ म्हणणारं मेटा-अ‍ॅनालिसिस हे सगळं गमावतं.

तुमच्या प्रकरणासाठी आता नेमकं काय करावं? आराखडा आधी लिहा आणि ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर नोंदवा. प्रोस्पेरो या आढाव्यांच्या नोंदवहीत आरोग्याशी संबंधित परिणाम असलेलेच आढावे घेतात, त्यामुळे तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. अ‍ॅमस्टार-२ वापरायचीच असेल तर ७ कळीच्या प्रश्नांची उत्तरं शब्दांत लिहा. शेजारी शिक्षणासाठीचे पाच रकाने जोडा: चाचणी कोणाची, तुलना कशाशी, वाटप मुलांचं की वर्गांचं, कालावधी किती, आणि एकाच अभ्यासातल्या परस्परावलंबी आकड्यांचं काय केलं. आढाव्यांच्या रीतीभातीसाठी सामाजिक विषयांवरचे आढावे करणाऱ्या कॅम्पबेल कोलॅबोरेशनच्या मार्गदर्शक सूचना आरोग्यक्षेत्रातल्या याद्यांपेक्षा आपल्या विषयाला जवळच्या आहेत. मार्गदर्शकांना गुणांचा तक्ताच हवा असेल तर हे रकाने भरून त्यांच्यासमोर ठेवा. दोन पेपरांत फरक कुठे आहे हे रकान्यांतून लगेच दिसतं आणि मग बेरजेचा आग्रह सहसा राहत नाही.

आणि एखाद्या मेटा-अ‍ॅनालिसिसला समाविष्ट अभ्यासांचा तक्ताच नसेल, तर आधी पुरवणी फाइल शोधा. तिथेही नसेल तर संपर्क-लेखकांना नम्र ईमेल करून माहितीसंच मागा. बरेच जण पाठवतात. उत्तर आलं नाही तर त्या पेपरचा उल्लेख प्रस्तावनेत करायला हरकत नाही, पण त्याची सरासरी तुमच्या निष्कर्षाच्या तक्त्यात घेऊ नका.